‘पहिली कृष्णवर्णीय गायिका’ असं लिहिताना

‘मॅरियन अँडरसन या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात एकल भूमिका गाणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय गायिका’ हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

व्याकरण चोख आहे, माहितीही खरी आहे. तरी मी हे वाक्य बदलेन, कारण त्यात अँडरसन यांचा मान कमी होतो. मराठीत ‘पहिला’ लिंगाप्रमाणे बदलतो. ‘पहिली गायिका’ वाचलं की वाटतं, पुरुषांपैकी कुणीतरी त्याआधी तिथे गाऊन गेला असणार. तसा कुणीच गेला नव्हता. ७ जानेवारी १९५५ रोजी व्हेर्दीच्या ऑपेरात उल्रिकाच्या भूमिकेत अँडरसन उभ्या राहिल्या, तेव्हा हे दार प्रथमच उघडलं. त्या ५७ वर्षांच्या होत्या. १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलने त्यांना वर्णामुळे नकार दिला होता आणि लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवरून त्यांनी सुमारे ७५ हजार श्रोत्यांसमोर गायलं होतं. इतकी वाट पाहून मिळालेला मान अर्धवट लिहू नये.

उलट बाजू तर जास्त घातक आहे. त्यांच्यानंतर वीस दिवसांनी, २७ जानेवारीला, रॉबर्ट मॅकफेरिन त्याच रंगमंचावर गायले. त्यांना ‘पहिला कृष्णवर्णीय गायक’ म्हटलं, की अँडरसन यांचा मान त्यांच्याकडे जातो, कारण पुल्लिंगी रूप आपण सर्वांसाठीच वाचतो. तिथे ‘पुरुषांमध्ये पहिले’ असं स्पष्ट लिहायलाच हवं.

यावर सोपा उपाय ‘व्यक्ती’ हा शब्द. तो स्त्रीलिंगी असूनही स्त्री-पुरुष दोघांनाही चालतो: ‘एकल भूमिका गाणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती’. मला मात्र दुसरी रचना आवडते, ज्यात ‘पहिला’ माणसाला न लावता घटनेला लावायचा. हॅटी मॅक्डॅनियल यांचंच पाहा. ‘ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय अभिनेत्री’ याऐवजी ‘कृष्णवर्णीय कलावंताला मिळालेलं पहिलं ऑस्कर हॅटी मॅक्डॅनियल यांचं’ असं लिहा. ‘पहिलं’ नपुंसकलिंगी झालं, शंका संपली. १९४० च्या त्या समारंभाच्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. खास परवानगीने त्यांना आत घेतलं आणि सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर बसवलं. त्यांचं ऑस्कर सहायक भूमिकेसाठी होतं; प्रमुख भूमिकेसाठी कृष्णवर्णीय कलावंताला, म्हणजे सिडनी पॉइटिए यांना, ऑस्कर मिळायला १९६४ उजाडलं.

‘स्त्री’ हा शब्द सगळीकडूनच काढावा, असं मात्र नाही. शर्ली चिझम १९६८ मध्ये ब्रुकलिनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून आल्या. तिथे ‘पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सदस्य’ हेच बरोबर, कारण हायरम रेव्हेल्स सिनेटमध्ये आणि जोसेफ रेनी प्रतिनिधिगृहात १८७० मध्येच पोहोचले होते.