परतीचे बाण

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. डोळ्याला दिसलेलं मेंदूत कसं पोचतं याची तुझी आकृती काल रात्री निवांत पाहिली. रेटिना म्हणजे डोळ्याचा पडदा, तिथून थॅलॅमस हे मेंदूतलं मधलं ठाणं, मग व्ही-वन, व्ही-टू, व्ही-फोर हे कॉर्टेक्समधले, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातले, दृष्टीचे एकावर एक टप्पे आणि शेवटी चौकटीत 'वस्तू ओळखली'. रेघा सुबक, नावं बिनचूक. पण सगळे बाण एकाच दिशेला चाललेत, परतीचा एकही नाही. प्रकल्पाला हाच विषय घ्यायचा म्हणतेस, तर आधी या बाणांचं बोलू.

श्रावणात तुमच्या मानवतजवळच्या वावरात आलो होतो, आठवतं? तुझी माय पऱ्हाटीच्या तासातून झपाझप चालत होती आणि पानांत हात घालून डोमकळ्या खुडत होती. मी मागोमाग. मला नुसती पिवळी फुलं दिसत होती. तिने एक डोमकळी माझ्या तळहातावर ठेवली. पाकळ्या पिळवटून एकमेकींत गुंतलेल्या, फूल धड कळी नाही की धड उमललेलं नाही. पाकळ्या सोडवल्या तर आत बोंडअळीचं बारीक पिल्लू. "आता दिसतील तुमाला," ती म्हणाली. पुढच्याच तासात मला चार सापडल्या. ऊन तेच, चष्मा तोच, फुलंही तशीच. काय शोधायचं ते कळल्यावर मेंदूचे वरचे भाग खालच्या भागांना सांगू लागले, की अशा आकाराकडे लक्ष ठेवा. तुझ्या आकृतीत या सांगण्याला वाटच नाही.

ही वाट बारीकसारीक नाही. फेलमन आणि व्हॅन एसन या शास्त्रज्ञांनी 1991 साली मकाक माकडाच्या मेंदूचा नकाशा मांडला. त्यात दृष्टीशी संबंधित 32 भाग आणि त्यांच्यामधले 305 दुवे होते, आणि बहुतेक दुवे दुहेरी. थॅलॅमसचं तर आणखी नवल. मांजरात, डोळ्याचा निरोप पुढे धाडणाऱ्या न्यूरॉनवरच्या (मेंदूतल्या पेशीवरच्या) सिनॅप्सपैकी, म्हणजे दुसऱ्या पेशींशी जोडणाऱ्या सांध्यांपैकी, रेटिनातून आलेले फार तर 10 टक्के, आणि कॉर्टेक्समधून उलटे आलेले त्याच्या साधारण तिप्पट. हा आकडा वाचून हुरळून मात्र जाऊ नकोस. रेटिनाचे सिनॅप्स थोडे असले तरी जोरकस असतात, न्यूरॉनला पेटवतात तेच. परतीचे सिनॅप्स त्या प्रतिसादाला कमीजास्त करतात. किती आहेत आणि किती जोर आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुझ्या टिपणात ते एकत्र झालेत.

तुला खरं समजून घ्यायचंय ते वेळेचं गणित. 1995 साली व्हिक्टर लामे या मेंदूशास्त्रज्ञांनी जाग्या माकडांच्या व्ही-वनमधल्या न्यूरॉनचा प्रतिसाद मोजला. न्यूरॉन चित्राचा जेवढा इवलासा तुकडा पाहतो, त्या खिडकीत दोन्ही वेळा तीच तिरक्या रेघांची नक्षी, फक्त एकदा ती आकृतीचा भाग आणि एकदा पार्श्वभूमीचा. सुरुवातीचा प्रतिसाद 40 मिलिसेकंदांच्या सुमारास आला, तो दोन्ही वेळा सारखाच. त्यानंतर 30 ते 40 मिलिसेकंदांनी मात्र आकृतीतल्या नक्षीला प्रतिसाद चढला. बाकी चित्र त्या खिडकीबाहेर होतं, मग न्यूरॉनला कळलं कसं? वरून परत आलेल्या निरोपातून, असं लामे यांचं म्हणणं. मलाही ते पटतं, पण व्ही-वनमधल्या शेजारी न्यूरॉनचे आडवे दुवेही हे काम काही अंशी करत असतील. तू लिहिताना दोन्ही शक्यता लिही.

पुढे त्यांच्याच गटाला दिसलं, की माकडाला भूल दिली की हा उशिराचा फरक जातो, पण रेघ किती तिरपी आहे त्यानुसार न्यूरॉनचं कमीजास्त प्रतिसाद देणं शाबूत राहतं. हे वाचून 'भुलीत परतीचा रस्ता बंद' असं लिहून मोकळी होशील म्हणून सांगतो: 1998 मध्ये ह्यूपे आणि सहकाऱ्यांनी भूल दिलेल्या माकडांतच हालचाल टिपणारा एमटी हा भाग थंड करून काही वेळ गप्प केला, तर खाली व्ही-वनपर्यंत फरक पडला. आकृती पार्श्वभूमीत जितकी मिसळलेली, तितका फरक जास्त. मला लगेच पानांत दडलेली डोमकळी आठवली. हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून चार दिवस विचार कर. या विषयात मला सगळ्यात जिवंत वाटणारी जागा ती आहे.

आपल्याकडे प्रयोगशाळा नाही म्हणून तू रडवेली झाली होतीस. उंदरांच्या दृष्टी-कॉर्टेक्समधल्या नोंदी अमेरिकेतल्या ॲलन इन्स्टिट्यूटने सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत. लॅपटॉप, पायथन ही संगणकाची भाषा आणि चिकाटी एवढ्यावर काम होतं. तेही जड वाटलं तर वसतिगृहातल्या मैत्रिणींवर मास्किंगचा प्रयोग कर. चित्र क्षणभर दाखवायचं आणि लगेच त्यावर रेघोट्यांचं दुसरं चित्र. साधा पडदा सेकंदाला 60 वेळा बदलतो, म्हणजे एक चौकट जवळपास 17 मिलिसेकंदांची. दोन चित्रांमधलं अंतर एकेक चौकट वाढवत जा आणि पहिलं चित्र कधी ओळखू येतं ते लिहून ठेव. अंतर कमी असताना ते का हरवतं, याचं एक स्पष्टीकरण परतीच्या निरोपाशीच येतं: तो पोचेपर्यंत खाली दुसरंच चित्र आलेलं असतं.

आकृती पेन्सिलीनं पुन्हा काढ. प्रत्येक परतीच्या बाणाशेजारी लिही, की तो कोणत्या प्राण्यात, जागेपणी की भुलीत आणि किती मिलिसेकंदांनी दिसला. जिथे माहीत नाही तिथे जागा कोरी सोड. दिवाळीत मी परभणीतच आहे, कागद घेऊन ये. वेचणी सुरू असेल तर मीच वावरात येतो, मायला तसं सांग.

तुझे सर