तेरेखोलच्या दोन काठांबद्दल लिहिताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

गोवा-महाराष्ट्र सीमेलगतच्या तेरेखोल नदीच्या दोन्ही काठांवरच्या गावांची माहितीपुस्तिका तू करायला घेतलीस, त्याचा कच्चा मसुदा वाचला. मेहनत दिसते. पण पहिल्याच पानावर ‘पोर्तुगीजांनी गोव्यावर 451 वर्षं राज्य केलं’ असं वाक्य आहे आणि पुढचा सगळा मजकूर त्यावर उभा आहे. ते वाक्य आधी काढ.

1510 ते 1961 असा तो हिशेब आहे आणि तो गोव्यातल्या तिसवाडी तालुक्याला लागतो. बारदेश आणि साष्टी हे गोव्यातलेच तालुके पोर्तुगीजांकडे गेले 1543 मध्ये. तुझ्या पुस्तिकेचा निम्मा भाग असलेलं पेडणं सावंतवाडीकरांकडून त्यांच्याकडे गेलं ते 1788 मध्ये. म्हणजे तिथे हा काळ 173 वर्षांचा. आणि त्याच पेडण्यातला तेरेखोलचा किल्ला त्यांनी सावंतांकडून 1746 मध्येच घेतला होता. एका तालुक्यात दोन तारखा! जुन्या काबिजादी आणि नव्या काबिजादी, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी घेतलेले आणि पुष्कळ नंतर घेतलेले भाग, हा फरक पुसला, तर मंगेश आणि शांतादुर्गा ही दैवतं साष्टीतून फोंड्याकडे का न्यावी लागली, हेही वाचकाला कळणार नाही. फोंडा तेव्हा पोर्तुगीजांच्या हाती नव्हता, हे त्याचं साधं कारण.

म्हणून प्रत्येक गावासाठी एक तक्ता कर. चार रकाने पुरतात: प्रत्यक्ष कारभार कोण पाहत होतं, हक्क कोण सांगत होतं, तो हक्क कोणत्या कागदावर टेकलेला आहे, आणि तो दुसऱ्या कुणी मान्य केला का, केला तर कधी. कुठल्याही रकान्यात वर्षाशिवाय नोंद नको. तक्ता भरल्यावरच वाक्य लिही. उलट केलंस, तर वाक्याला सोयीच्या तारखा शोधल्या जातात.

तिसऱ्या रकान्यात मूळ कागदातला शब्दच उतरव. सरंजाम, जहागीर, इनाम, खंडणी, चौथाई. या सगळ्यांचं ‘ताब्यात दिलं’ असं सरसकट भाषांतर करू नकोस. यातल्या ‘सरंजाम’ या एका शब्दावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात वाद झाला आहे. दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून 1954 मध्ये सुटली. दमणहून तिथे जाण्याची वाट भारताने अडवली, असं म्हणत पोर्तुगाल 1955 मध्ये हेगच्या न्यायालयात गेला. त्यांचा आधार होता मराठ्यांबरोबरचा 1779 चा तह. पोर्तुगालचं म्हणणं, त्या तहाने गावांचं सार्वभौमत्व मिळालं. भारताचं म्हणणं, मिळाला तो फक्त वर्षाला 12,000 रुपयांचा महसूल. तहाच्या मराठी आणि पोर्तुगीज मजकुरांत फरक होता. न्यायालयाने 12 एप्रिल 1960 ला निकाल दिला: मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व दिलेलं नाही. पण निकाल इथे संपत नाही. मराठ्यांच्या जागी इंग्रज आल्यावर त्यांनी पोर्तुगीजांचं सार्वभौमत्व व्यवहारात मान्य केलं, आणि पुढे भारतानेही ते न बोलता मान्य केलं, असं न्यायालय म्हणालं. माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क पोर्तुगालला होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता. आणि भारताने आपलं कोणतंही बंधन मोडलेलं नाही. आपल्याकडे यातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य उचलून लिहितात, मधलं गाळतात. तू गाळू नकोस. मधलं वाचल्याशिवाय चौथा रकाना कशासाठी आहे ते समजत नाही.

आता ‘गोवा भारतात केव्हा आला’ हा प्रश्न. पोर्तुगीज गव्हर्नर जनरलने शरणागती पत्करली 19 डिसेंबर 1961 ला. बारावी घटनादुरुस्ती झाली 1962 मध्ये, पण ती 20 डिसेंबर 1961 पासून लागू मानली गेली. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार केला 31 डिसेंबर 1974 ला, आणि तोही मागच्या तारखांपासून. तिन्ही तारखा खऱ्या. कोणती कशाची, एवढं लिहायचं. ‘मुक्ती’ हा शब्द मला मनापासून पटतो, तो वापर. मात्र कायद्याच्या परिच्छेदात हेही सांग, की आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये गोवा हा जिंकून सामील केलेला प्रदेश मानला. त्याने मुक्तीचं मोल कमी होत नाही.

1967 च्या जनमत कौलाला तू ‘गोव्याने भारतात राहायचं ठरवलं’ असं म्हटलं आहेस. हे चूक आहे. प्रश्न महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच होता. सार्वभौमत्व मतपेटीत नव्हतंच. कारवार-बेळगावचा वादही तसाच, दोन राज्यांमधला. त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून आहे. तिथे ‘व्याप्त’ हा शब्द भाषणात शोभेल. तुझ्या पुस्तिकेत ‘महाराष्ट्राचा दावा असलेला, कर्नाटकाच्या प्रशासनाखालचा’ असं लिही. लांबतं, पण दोन्हीकडच्या वाचकाला खोडता येत नाही.

नकाशाला सर्वांत जास्त वेळ दे. तुझ्या चित्रकाराने नदीलाच राज्याची हद्द धरून रंग भरला आहे. तेरेखोल गाव आणि किल्ला नदीच्या उत्तरेला असूनही गोव्यात आहेत. त्या रंगाने ते महाराष्ट्रात गेले. अंजदीव बेटाचं उलट होतं: ते कारवारच्या समोर, म्हणून लोक कर्नाटकात टाकतात, आणि ते आहे गोव्याचं. हद्द भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावरूनच घे. देशाचा छोटा नकाशा कोपऱ्यात टाकणार असशील, तर तोही तिथलाच हवा. त्याच्याशी न जुळणारा नकाशा छापणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जुना पोर्तुगीज नकाशा छापताना त्यावर आजची रेघ ओढू नकोस. खाली वर्ष आणि तो कुणी काढला ते दे, नावं त्याच्या मूळ रूपात राहू देत, आणि शेजारी तिराकोल म्हणजे तेरेखोल, पेर्नें म्हणजे पेडणं अशी जोडी लाव.

पेडण्याचा तक्ता आधी पाठव. किल्ल्याची ओळ वेगळी केली आहेस ना, तेवढं पाहून मग पुढची गावं घेऊ.

आशीर्वाद.