गिनी पिगच्या पाठीवरचे केस गेलेत, खपल्या धरल्यात, सारखा खाजवतो. घरात कुत्र्याची गोचीड-पावडर आहे, ती लावू की करंजतेल?

दोन्ही नको. पावडर तो अंग चाटताना पोटात घेईल, आणि तेलाने केस चिकटून खपल्यांखाली ओल धरेल. आपल्याकडे गुरांच्या कातडीला करंजाचं, उंडीचं तेल पिढ्यान्‌पिढ्या लावतात हे मान्य, पण हा किलोभर वजनाचा प्राणी आहे.

पाठ, मांड्या, खपल्या आणि हात लावला की किंचाळणं, हे सगळं एकत्र म्हणजे बहुधा खरूज. हिचे किडे (ट्रिक्साकारस कॅव्हिए) कातडीत बिळं करून राहतात, नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. खाज इतकी भयंकर असते की खाजवता खाजवता प्राणी आडवा पडून झटके देतो. घरच्यांना वाटतं फिट आली. अशा अवस्थेत त्याला आंघोळ घालायच्या भानगडीत पडू नका, धरलं तरी झटका येतो.

नायटा असेल तर तो बहुतेक वेळा तोंडापासून सुरू होतो: नाक, डोळ्यांभोवती, कानांच्या कडा. कोंड्यासारखं सुटतं, खाज त्यामानाने कमी. हा माणसाला लागतो. घरातल्या पोराच्या हातावर गोल चट्टा उठला असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, निदान निम्मं तिथेच होतं. केसांमध्ये हलणारे फिकट ठिपके दिसले तर उवा. आणि मोठी मादी असून दोन्ही कुशींवर सारखेच केस गेलेत, खाज अजिबात नाही, तर अंडाशयातल्या गाठींचा संशय घ्यायचा. तिथे मलम लावून काही होणार नाही. कानामागे जो टकलाचा ठिपका असतो तो सगळ्यांनाच असतो, तो सोडून द्या.

नायट्याला मेडिकलमधून स्वतःच ट्यूब आणू नका, कारण आपल्याकडे ज्या ट्यूब सर्रास मिळतात त्यातल्या कित्येकींत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं दिसतं, मग बुरशी दुप्पट पसरते. नुसतं बुरशीवरचं साधं मलम, क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल, चालतं, पसरलं असेल तर पोटातून औषध, आणि ते काही आठवडे चालवावं लागतं.

आता दवाखान्याचं. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांचा हात गाई-म्हशी, शेळ्या, फार तर कुत्र्यांवर बसलेला असतो. त्यात त्यांचा दोष नाही, रत्नागिरी-सिंधुदुर्गात गिनी पिग घेऊन येतो कोण? म्हणून तुम्ही तयारीने जा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून कागदावर लिहून न्या. खरजेवर आयव्हरमेक्टिन देतात, साधारण किलोला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम. गुरांसाठीच्या बाटलीत एका मिलीत १० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ८०० ग्रॅमच्या प्राण्याला ०.४ च्या हिशेबाने सगळं मिळून ०.०३ मिली, १०० युनिटच्या (U-100) इन्सुलिन सिरिंजवर जेमतेम तीन युनिट. एवढं बारीक माप घरी धरू नका, डॉक्टरांनाच करू द्या. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून ७ ते १४ दिवसांनी परत, सहसा दोन-तीन वेळा. एका पिंजऱ्यात दोघे असतील तर दोघांनाही, दुसरा धडधाकट दिसला तरी. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडलं नाही तरी खरूज नाही असं ठरत नाही, किडे बरेचदा हुकतात.

दुसरी गोष्ट तिथे तोंडाने सांगा: ॲमॉक्सिसिलिन, ॲम्पिसिलिन, क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिक्स देऊ नका. खाजवून जखमा पिकल्या की हातासरशी हीच लिहिली जातात, कुत्र्याला चालतातही. गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्यांनी मरतात, जुलाब लागतात आणि प्राणी जातो. एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा त्यामानाने सुरक्षित.

औषध चालू असताना पिंजरा गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. जून ते सप्टेंबर ऊन मिळणार नाही, तेव्हा पंख्याखाली. पावसाळ्यात पेंढा वास येईपर्यंत थांबून बदलू नका, हाताला गार लागला की बदला. ओल्या तळामुळे तळपायही सुजतात. खाण्यात भोपळी मिरची, कोथिंबीर, पेरूची छोटी फोड रोज असू द्या. जीवनसत्त्व सी याचं शरीर बनवतच नाही आणि ते कमी पडलं की जखमा भरत नाहीत. गोळी पाण्यात टाकू नका, त्यातलं सी लवकर नासतं.

आणि मागची बाजू ओली, घाण राहिली असेल तर केस बाजूला सारून रोज बघा. पावसाळ्याच्या दिवसांत माशा तिथे अंडी घालतात. अळ्या दिसल्या तर खरूज-नायटा सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका.