कोबोलच्या ओळींत दडलेले नियम

प्रश्न : गेली सहा वर्षे मी एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमवरील, म्हणजे प्रचंड व्यवहार हाताळणाऱ्या मोठ्या संगणकावरील, कोबोल या जुन्या संगणकीय भाषेतल्या प्रोग्रामची देखभाल करते. आता सर्व काम क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, नेण्याची चर्चा सुरू आहे आणि सहकारी मला हे क्षेत्र सोडण्याचा सल्ला देतात. मेनफ्रेमला भवितव्य आहे का?

उत्तर : शेवटचा मेनफ्रेम १५ मार्च १९९६ रोजी बंद होईल, असे भाकीत स्टुअर्ट ऑल्सॉप या अमेरिकी पत्रकाराने १९९१मध्ये केले होते. ते चुकले. आयबीएमने २०२५मध्येही झेड-१७ हा नवा मेनफ्रेम आणला असून, व्यवहार चालू असतानाच त्यातील फसवणूक ओळखता यावी यासाठी त्याच्या प्रोसेसरमध्ये एआयची सोय आहे. तरीही तुम्ही निश्चिंत राहावे असे मी म्हणणार नाही. नव्याने उभ्या राहणाऱ्या कंपन्या सहसा मेनफ्रेम घेत नाहीत आणि जुन्या कंपन्यांतही अहवाल, मोबाइल ॲप अशी कामे बाहेर जात राहतील.

मात्र हप्ते, दावे आणि खाती यांचा मूळ हिशेब हलवणे फार कठीण आहे, कारण अनेक वर्षांत घेतलेले व्यावसायिक निर्णय बरेचदा प्रोग्रामखेरीज कुठेच नोंदलेले नसतात. कोबोलमध्ये रक्कम सहसा दशमान स्वरूपात (० ते ९ या अंकांत) साठवली जाते आणि सूत्रात ‘राउंडेड’ हा शब्द नसेल, तर जास्तीचे दशांश सरळ कापले जातात. नव्या भाषेत तोच हिशेब लिहिताना कोणी द्विमान अपूर्णांक (फक्त ० आणि १ या अंकांत साठवलेला) वापरला, ज्यात ०.१ ही साधी संख्यादेखील अचूक मावत नाही, किंवा सवयीने पूर्णांकन (राउंडिंग) केले, तर एका पॉलिसीत शेवटच्या अंकापुरता दिसणारा फरक रात्री एकगठ्ठा चालणाऱ्या हिशेबात (बॅचमध्ये) लाखो नोंदींवर साचतो. तो कापलेला अंक चूक होता की कराराची अट, हे कोड आणि विमा दोन्ही जाणणाराच सांगू शकतो, आणि असे जाणकार निवृत्त होत आहेत. मला चिंता वाटते ती याची.

म्हणून क्षेत्र सोडू नका, पण केवळ कोबोलवरही विसंबू नका. जावा ही प्रोग्रामिंगची भाषा, एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा आणि दोन प्रणालींना जोडणारे एपीआय शिका. आपल्या प्रोग्राममधील नियम साध्या भाषेत लिहून काढायला आजच सुरुवात करा. स्थलांतर ठरलेच, तर जुनी आणि नवी प्रणाली समांतर चालवून निकाल ताडून पाहणाऱ्या गटात स्वतःहून जागा मागा.