पुलावर गेलं की हातपाय गार पडतात

प्रश्न: ताई, मी म्हापशाची, वय २६. जॉब पणजीला लागलाय, स्कूटर आहे पण मांडवीचा पूल आला की छाती धडधडते, मागून ट्रकचा हॉर्न वाजला की संपलंच. एकदा पर्वरीहूनच परत फिरले आणि तेव्हापासून बसने जाते. घरचे हसतात.

उत्तर: अगं, हसू देत त्यांना. तू परत फिरलीस ना, त्या क्षणी जे हायसं वाटलं तीच खरी गोची आहे, कारण मेंदू तेवढंच शिकतो की पळालो म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी भीती अजून मोठी होते. मांडवीवरच्याच नव्या अटल सेतूवर तर टू-व्हीलर सोडतच नाहीत, म्हणजे तुला जुन्या पुलांवरूनच जायचंय. रविवारी सकाळी सातला जा, ट्रॅफिक कमी असतं. आधी भावाच्या मागे बसून दोन-तीन चकरा, मग तू चालव आणि तो मागे, मग एकटी. डावीकडे राहा, तीसच्या स्पीडने, खांदे सैल आणि श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घे. धडधड होईलच, ती थांबायची वाट बघत बसू नकोस, थोड्या वेळाने आपोआप उतरते. मी स्वतः पोहायला चाळिशीत शिकले, पहिला आठवडा नुसती काठ धरून उभी होते (आणि शेजारी सहा वर्षांची पोरं उड्या मारत होती!). पावसात मात्र घाई नको, तेव्हा बसच बरी. आणि घरी बसूनही असंच धडधडत असेल, झोप उडाली असेल तर डॉक्टरला दाखव, त्यात लाज कसली.