नस गोठवली म्हणजे ती कायमची मरते का?

पुढच्या आठवड्यात बाबांचं उजव्या फुप्फुसाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर सोनोग्राफीत बघून ‘बरगड्यांच्या नसा गोठवू’ म्हणालेत आणि त्या नसा कायमच्या मरतील या धास्तीने आई नको म्हणतेय, असं तुम्ही लिहिलंय. मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही, निम्मी भीती तिथूनच येते. इथे गोठवतात तो मज्जातंतू, रक्तपुरवठा नाही. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खोबण असते. तिच्यात वरून खाली शीर, धमनी आणि मज्जातंतू असे चिकटून जातात. डॉक्टरांना सोनोग्राफीत बरगडी, तिच्याखालचे स्नायू आणि श्वासाबरोबर सरकणारी फुप्फुसाच्या आवरणाची चकचकीत रेघ दिसते. त्या रेघेच्या अलीकडे सुईचं टोक थांबवायचं, यातच सगळं कौशल्य आहे. रेघ ओलांडली तर फुप्फुसाभोवती हवा शिरू शकते.

सुईत बहुधा नायट्रस ऑक्साईड सोडतात. दाबाखालचा हा वायू बारीक छिद्रातून सुटला की टोक उणे ६०-७० अंशांपर्यंत गार होतं. टोक बंद असतं, वायू आल्या वाटेने परत जातो, बाबांच्या शरीरात काहीच सोडलं जात नाही. टोकाभोवती बर्फाचा छोटा गोळा तयार होतो, पडद्यावर तो काळा दिसतो. एका नसेला साधारण दोन मिनिटं, आणि बहुतेक वेळा हे दोनदा करतात.

आता आईच्या प्रश्नाकडे येतो. या थंडीने मज्जातंतूतला संदेश नेणारा धागा तुटतो, पण त्याभोवतीची नळी शाबूत राहते. त्याच नळीतून धागा दिवसाला एक-दोन मिलिमीटर वाढत पुन्हा पोचतो. म्हणून बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहतो आणि मग ओसरतो. थोड्या लोकांना संवेदना परतताना झिणझिण्या येतात, क्वचित त्याचं दुखणं मागे राहतं. हे आईपासून लपवू नका.

मी याच्या बाजूने का आहे? छाती उघडल्यावर दर श्वासाला बरगड्या हलतात. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. मॉर्फिनसारख्या औषधांनी गुंगी, मळमळ, बद्धकोष्ठता येते. एपिड्युरलने, म्हणजे पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून दिलेल्या भुलीच्या औषधाने, दुखणं उत्तम थांबतं, पण रक्तदाब उतरतो, लघवी अडते आणि ती नळी काही दिवसांत काढावीच लागते. गोठवलेली नस बाबा घरी आल्यावरही शांत असते.

पण पहिल्या रात्रीच जादू होईल असं समजू नका. पूर्ण परिणाम यायला बऱ्याचदा एक दिवस लागतो, तोवर ब्लॉक (नसांजवळ दिलेलं भुलीच्या औषधाचं इंजेक्शन) आणि गोळ्या लागतीलच. ऑपरेशननंतर हवा-पाणी बाहेर काढायला छातीत ठेवलेली नळी ज्या बरगड्यांमधून येते तिथली नसही गोठवणार का, हे नक्की विचारा. ती राहिली तर बाबा तिथे बोट दाखवून दुखतंय म्हणतील. त्याच बाजूचा खांदाही दुखू शकतो. ते दुखणं दुसऱ्याच मज्जातंतूवाटे येतं, त्यावर या गोठवण्याचा उपयोग नाही. अगदी खालच्या बरगड्यांच्या नसा मात्र सहसा टाळतात, कारण त्या पोटाच्या स्नायूंनाही जातात आणि पोट एका बाजूला फुगल्यासारखं दिसू शकतं.

घरी आल्यावर त्या भागाला शेक देऊ नका, हे मी कळकळीने सांगतोय. माझ्या एका पेशंटला घरच्यांनी मायेनेच गरम पाण्याची पिशवी दिली. कातडी बधिर, चटका कळला नाही, सकाळी मोठा फोड. बाबांना उशी छातीशी धरून खोकायला लावा आणि स्पायरोमीटर (श्वास आत ओढून तीन प्लास्टिकचे चेंडू वर उचलायचं व्यायामाचं साधन) जागेपणी दर तासाला ओढायला लावा.

बाबा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असतील, किंवा थंडीने त्यांच्या अंगावर गांधी उठत असतील, बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर ऑपरेशनच्या दिवसाची वाट न बघता आजच फोन करून भूलतज्ज्ञांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.