माफी मागताना ‘पण’ नको

प्रश्न : आमच्या चर्चच्या मंडळीच्या कमिटीत हिशेबावरून मी खजिनदारांवर सगळ्यांदेखत ओरडलो. नंतर कळलं, हिशेब बरोबर होता. ‘वाईट वाटलं असेल तर सॉरी’ असा मेसेज टाकला. तरी ते बोलत नाहीत. आणखी किती नमतं घ्यायचं?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ‘वाईट वाटलं असेल तर’ म्हटलं की दोष त्यांच्या हळवेपणावर जातो, तुमच्या ओरडण्यावर नाही. म्हणजे माफी अजून मागितलेलीच नाही.

बायबलमधल्या मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू येशू सांगतो की, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. हा उपदेश चालला होता गालीलात आणि मंदिराची वेदी होती यरुशलेमेत, काही दिवसांच्या पायी वाटेवर. एवढं अंतर परत चालून जायची तयारी तिथे अपेक्षित आहे. तुम्हाला तर इंदुरातल्या इंदुरात जायचं आहे.

फोन करून वेळ विचारा आणि एकटेच जा. बसल्याबरोबर बोला, चहाची वाट पाहू नका. चार गोष्टी पुरतात: मी काय केलं, ते चूक होतं, त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं, आणि मी ते कसं भरून काढणार. ‘परवा बैठकीत मी तुमच्यावर ओरडलो. हिशेब न तपासता बोललो, ही माझी चूक. चार माणसांत तुमच्या सचोटीवर संशय आला. पुढच्या बैठकीत मी हे सर्वांसमोर सांगेन.’ इथे थांबा. ‘पण त्या दिवशी माझंही डोकं...’ असं सुरू झालं की माफीची फिर्याद होते.

अपमान चारचौघांत झाला, तर दुरुस्तीही चारचौघांत व्हायला हवी. ती इतिवृत्तात नोंदवून घ्या. आणि जाताना हातात मिठाई-शेवेचा पुडा नेऊ नका. आपल्याकडे घरी आलेल्याचा मान राखायला माणूस ‘अहो, जाऊ द्या’ म्हणून टाकतो. विषय मिटल्यासारखा दिसतो, मिटत नाही. त्यांनी लगेच क्षमा केली नाही, तर तगादा लावू नका. तो वेळ त्यांचा आहे.

प्रश्न : संडे स्कूल, गायनमंडळ, स्नेहभोजनाचा स्वयंपाक, सगळं माझ्याच गळ्यात पडतं. नाही म्हटलं की ‘ख्रिस्ती बाईनं नम्र असावं’ असं ऐकवतात.
— एक भगिनी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : योहान १३ पुन्हा वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिलं आहे हे ठाऊक असताना येशू कमरेला रुमाल बांधून उठला. पाय धुऊन झाल्यावरही ‘तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे’ असं तो म्हणाला. स्वतःची किंमत त्याने नाकारली नाही आणि सेवा कुणी त्याच्यावर लादलेली नव्हती. शिवाय त्याने शिष्यांना सांगितलं ते एकमेकांचे पाय धुवायला. एकीने सगळ्यांचे धुवावेत आणि बाकीच्यांनी पाय पुढे करावेत, असं तिथे नाही.

एक काम निवडा, उरलेल्यांची तारीख द्या: ‘संडे स्कूल मी घेईन. स्वयंपाक या महिन्यापर्यंतच बघेन, पुढचं कुणाकडे द्यायचं ते कमिटीनं ठरवावं.’ आजारपणाची सबब सांगू नका; आजार बरा झाला की काम परत येतं. हो म्हणून भांडी आपटत राबणं त्याहून वाईट, कारण त्या रागाचा चटका कधीतरी मुलांना बसतो. आणि घरात मारहाण किंवा सततचा पाणउतारा होत असेल, तर तो नम्रतेच्या नावाखाली सोसायचा नसतो. लगेच विश्वासातल्या माणसाला सांगा आणि मदत घ्या.

प्रश्न : उपासनेत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं भजन म्हटलं की लोक कौतुक करतात. मी ‘सगळं देवाचं’ म्हणतो, पण आत सुखावतो. हे ढोंग का?
— एक तरुण, इंदूर

उत्तर : सुखावण्यात पाप नाही. लूक १८ मधल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, तोही देवाचे आभार मानूनच प्रार्थना सुरू करतो. घसरतो तो इतरांशी तुलना करताना. कौतुक झालं की ‘धन्यवाद’ म्हणा, तबला-पेटीवाल्यांचं नाव घ्या आणि सतरंज्या गोळा करायला लागा. पुढच्या रविवारी दुसऱ्याने तेच भजन तुमच्याहून छान म्हटलं, तर त्याला जाऊन सांगता येतं का, ते बघा. जड जात असेल, तर त्या रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन देवाचे आभार माना.